चेहऱ्यांची यादी: तिलवाऱ्यातला एक कामाचा दिवस

सकाळी ६.१५

कॅमेरे बसवणाऱ्याचा दिवस पिशवी भरण्यापासून सुरू होतो. ड्रिल मशीन, स्क्रू, प्लग, केबलची टोकं दाबायची पक्कड, केबल टेस्टर, इन्सुलेशन टेप, लॅपटॉप. कॅट सिक्स केबलचं बंडल आणि पीओई स्विच कालच दुकानात पोचवून ठेवले आहेत. आज नेहमीच्या कामात एक वेगळं काम आहे. नागपूर रोडवरच्या एका सुपरमार्केटच्या दारावर चेहरे ओळखणारा कॅमेरा बसवायचा आहे.

मी तिलवाऱ्यात राहतो, जबलपूरहून नागपूरकडे जाताना नर्मदेच्या पुलाच्या अलीकडे. संक्रांत आठवड्यावर आली आहे. घाटावरच्या महादेवाला तीळ वाहायला त्या दिवशी गावोगावची माणसं येतात, मेळा भरतो, आणि त्याच्या आधीचे आठ दिवस या रस्त्यावरच्या प्रत्येक किराणा दुकानात तीळ, गूळ, खोबरं आणि तुपाच्या डब्यांची थप्पी लागते. गर्दी वाढली की चोऱ्याही वाढतात. म्हणून मालकाला कॅमेरा संक्रांतीच्या आत हवा आहे.

आमचं घर इथे १९५६ पासून आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचं हायकोर्ट मध्य प्रदेशचं हायकोर्ट होऊन जबलपूरला आलं, आणि फायलींसोबत कितीतरी मराठी कारकुनांची आणि वकिलांची बिऱ्हाडंही आली. माझे आजोबा त्यांतलेच एक कारकून. घरात जेवताना कोर्टाचे निकाल ऐकत मोठा झालो आणि शिकलो मात्र वायरिंग. या कामात दोन्ही गोष्टी एकत्र येतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सकाळी ८.४५

दुकान नऊला उघडतं. मालक आधीच आले आहेत. आमचं बोलणं हिंदीत चालतं, ते मला 'भाऊ' म्हणतात आणि मी त्यांना 'भैयाजी'.

दुकानात आधीपासून कॅमेरे आहेत: छताला घुमट, गोदामात दोन, बिलिंग काउंटरांवर एकेक. ते सगळं चित्रित करतात, चित्रीकरण हार्ड डिस्कवर जातं, डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं चढत जातं. काही घडलं तर मागे जाऊन बघायचं, नाही घडलं तर कोणी बघत नाही. भैयाजींची तक्रार अशी की मागे जाऊन बघायला वेळ कोणाला आहे? तुपाचे पाऊच, बदामाची पाकिटं, दाढीची ब्लेडं, शाम्पू, चॉकलेट. महिनाअखेरीला मोजणीत माल कमी भरतो. कधी गिऱ्हाईक नेतं, कधी माल उतरवतानाच गळती होते, कधी बिलात चूक असते. तोटा मात्र त्यांच्याच खिशातून जातो.

मला त्यांची बाजू खोटी वाटत नाही. सुपरमार्केटचा नफा रुपयामागे पैशांत मोजायचा असतो. एक तुपाचा डबा गेला की तो भरून काढायला किती डबे विकावे लागतात, ते मालकालाच ठाऊक. काउंटरवरच्या मुलींना चोराला हटकायची भीती वाटते, तीही खरी आहे.

"दारातून आत येताच कळलं पाहिजे, हा तोच आहे," भैयाजी म्हणतात. विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने त्यांना मोबाइलवर तसाच व्हिडिओ दाखवला आहे. माणूस आत येतो, चेहऱ्याभोवती लाल चौकट उमटते, घंटी वाजते.

सकाळी १०.००

छतावरच्या घुमटाला माणसाचा टाळू दिसतो. चेहरा ओळखायचा तर कॅमेरा खाली आणावा लागतो, साधारण सात-आठ फुटांवर, दाराकडे तोंड करून, येणारा माणूस नकळत त्याच्याकडे बघेल अशा जागी. या दुकानाचं दार पूर्वेला आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि आत शिरणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. म्हणून उजेड-अंधार सावरणारा कॅमेरा घेतला आहे, वर आतल्या बाजूने एक ट्यूबलाइट वाढवली आहे. मी भोकं पाडतो, केबल पट्टीतून नेतो, टोक दाबतो, टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात.

मग लॅपटॉप उघडून पहिली चाचणी स्वतःवरच करायची. दारातून आत येतो. पडद्यावर माझ्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट. यंत्राने माझा फोटो काढून ठेवला एवढंच झालेलं नाही. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्याने आकड्यांची एक लांब रांग तयार केली आहे. पुढच्या वेळी मी आलो की नवी रांग तयार होईल, जुनीशी ताडून बघितली जाईल आणि किती जुळलं ते टक्क्यांत येईल. किती टक्क्यांना 'तोच माणूस' म्हणायचं, हा आकडा मीच भरायचा असतो. खाली ठेवला तर निरपराध माणसांवर घंटी वाजते, वर ठेवला तर चोर निसटतो. हा आकडा कायदा ठरवत नाही, कंपनीही सक्तीने ठरवत नाही. शिडीवरून उतरलेला माणूस लॅपटॉपवर ठरवतो.

फोन चेहऱ्याने उघडतो तेव्हा यंत्र एकच प्रश्न विचारतं: हा मालक आहे का? तो चेहरा आपणच दिलेला असतो आणि तो आपल्याच फोनात राहतो. दुकानाच्या दारावर प्रश्न वेगळा असतो: हा माणूस यादीतल्या कोणाशी जुळतो? त्या प्रश्नाचं उत्तर काढायला यादीत नसलेल्या प्रत्येकाचाही चेहरा मोजावा लागतो. दूध घ्यायला आलेल्या आजीचा, तिचं बोट धरून आलेल्या नातवाचा, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचाही.

सकाळी ११.३०

बिलिंगवरची एक मुलगी चहा घेऊन येते आणि हळूच विचारते, "भैया, यात आमचाही चेहरा राहणार का?"

राहणार. ती दिवसातून कितीदा या दारातून जाते-येते, केव्हा डबा खायला बसते, कोणाशी बोलते, हे सगळं या यंत्रातून काढता येतं. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाता येतं, तिला नोकरी सोडल्याशिवाय जाता येत नाही. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर बोलणारे बहुतेक लोक गिऱ्हाइकाची बाजू घेतात. पण पहिला आणि सगळ्यांत जास्त वेळा मोजला जाणारा चेहरा दुकानात काम करणाऱ्यांचा असतो, आणि त्यांना कोणी विचारत नाही. मी तिला ते सांगतो. ती म्हणते, "हाजिरी लावायला ठीक आहे, पण एवढं कशाला?" तिने चहाच्या पेल्यासोबत विचारलेला प्रश्न योग्यच आहे.

मग भैयाजी मोबाइल पुढे करतात. "ही घ्या यादी. यांना टाका आत."

व्हॉट्सॲपवरचं फोटोंचं फोल्डर. व्यापाऱ्यांच्या गटात आलेले, इकडून तिकडे फिरलेले फोटो. काही कॅमेऱ्यातून कापलेले, इतके धूसर की नाक कुठे संपतं तेही कळत नाही. एका फोटोत शाळेच्या गणवेशातला मुलगा आहे, पाठीवर दप्तर. एकात म्हातारी बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. एकाखाली लिहिलंय 'चोर', एकाखाली 'ध्यान रखो', तिसऱ्याखाली काहीच नाही. कोणी टाकला, कधी टाकला, त्या माणसाने खरंच काय केलं, त्याला पोलिसांत दिलं होतं का, याचा पत्ता नाही. एकदा यादीत गेलेला चेहरा बाहेर कसा येणार, तेही कोणी ठरवलेलं नाही.

"हा मुलगा कोण?" मी विचारतो. भैयाजींना माहीत नाही. दुसऱ्या कोणत्या तरी बाजारातला असेल.

मी यादी भरत नाही. त्यांना सांगतो, दुपारी एका ठिकाणी जायचंय, संध्याकाळी येऊन बोलू. ते नाराज होतात. "पकड़ में तो आना चाहिए न," एवढंच म्हणतात.

दुपारी १.००

डबा. पोळी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. जेवता जेवता मावसबहिणीचा फोन. ती न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर राहते. तिथे रात्रीचे साडेआठ झालेत आणि उन्हाळा असल्याने बाहेर अजून उजेड आहे. तिला सकाळचं काम सांगितलं तर म्हणाली, "दादा, आमच्याकडे हेच झालं, वर्षभर वाद चालला होता."

ते मी वाचलं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तिथल्या एका किराणा साखळीने उत्तर बेटावरच्या २५ सुपरमार्केटांत चेहरे ओळखणारी यंत्रणा चाचणीला लावली. काही महिन्यांत सुमारे २२ कोटी ६० लाख वेळा चेहरे मोजले गेले. ज्यांचा कोणाशी मेळ नाही त्यांची नोंद जवळपास सगळी मिनिटभरात पुसली जायची. १,७४२ वेळा घंटी वाजली, त्यांतल्या १,२०८ नोंदी खऱ्या ठरल्या. एप्रिलमध्ये रोटोरुआ शहरात एका माओरी बाईला यंत्राने चोर ठरवलं. ती सांगत राहिली की मी ती नव्हे, ओळखपत्र दाखवत राहिली, तरी तिला दुकानातून जायला सांगण्यात आलं. त्यानंतर जुळणीचा आकडा वर नेला. जून २०२५ मध्ये तिथल्या प्रायव्हसी कमिशनरने अहवाल दिला: खाजगीपणावरचं आक्रमण मोठं आहे, पण ठेवलेल्या बंधनांमुळे ही चाचणी कायद्यात बसते.

ती बंधनं कोणती होती, ते या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं. दारावर पाटी. यादीत फक्त त्याच दुकानात गंभीर गैरवर्तन केलेली माणसं. अठराखालचं कोणी नाही. घंटी वाजली तर शिकवून तयार केलेल्या दोन माणसांनी स्वतंत्रपणे फोटो ताडून बघायचा, दोघांचं एकमत झालं तरच पुढे जायचं. जे न जुळे ते लगेच पुसायचं. एवढं सगळं असूनही त्या बाईला बाहेर जावं लागलंच.

आणि बंधनं नसली की काय होतं, तेही नोंदलेलं आहे. अमेरिकेतल्या राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने २०१२ ते २०२० या काळात शेकडो दुकानांत ही यंत्रणा चालवली. धूसर फोटो यादीत घातले, चुकीच्या घंट्या हजारोंनी वाजल्या. एका प्रकरणात अकरा वर्षांच्या मुलीला अडवून तिची झडती घेतली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर पाच वर्षं ही यंत्रणा वापरायला बंदी घातली. ऑस्ट्रेलियात केमार्टने २८ दुकानांत, माल परत करून पैसे मागणाऱ्या लबाडांना पकडायला चेहरे मोजले. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या प्रायव्हसी कमिशनरने ते कायद्याबाहेरचं ठरवलं, कारण थोड्या लबाडांसाठी हजारो साध्या गिऱ्हाइकांचे चेहरे विनासंमती घेतले गेले. स्पेनमध्ये मर्काडोना या साखळीची यादी तर कोर्टाने दुकानात यायला मनाई केलेल्यांचीच होती. तरी २०२१ मध्ये पंचवीस लाख युरोंचा दंड झाला, कारण त्या थोड्यांसाठी लहान मुलांपासून नोकरांपर्यंत सगळ्यांचे चेहरे मोजले जात होते.

बहिणीने शेवटी विचारलं, "तुमच्याकडे पाटी तरी लावणार आहेत का?"

दुपारी ३.००

हायकोर्टाजवळच्या एका वकिलांच्या कार्यालयात हार्ड डिस्क बदलायची आहे. हे काका आजोबांच्या ओळखीचे, नागपूरहून आलेल्यांच्याच घरातले. डिस्क बदलायला फार वेळ लागत नाही. बोलण्यात जास्त जातो.

मी सकाळची यादी सांगतो. काका चष्मा काढतात. "अशी यादी आपल्या राज्यात आधी पोलिसांची होती," ते म्हणतात. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७५. गोविंद नावाच्या माणसावर पोलिसांनी हिस्ट्री शीट उघडली होती, रात्री-अपरात्री दार ठोठावायचे, घरावर नजर ठेवायचे. तो सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने पोलिसांचे नियम रद्द केले नाहीत, पण सांगितलं की खाजगीपणाचा हक्क घटनेतल्या स्वातंत्र्यांत बसू शकतो आणि अशी पाळत ज्याच्या गुन्हेगारीला खरा आधार आहे त्याच्यापुरतीच राहिली पाहिजे. "लक्षात घे," काका म्हणतात, "हिस्ट्री शीट उघडायला निदान नियम होता, अधिकारी होता, वर कोर्ट होतं. तुझ्या दुकानदाराच्या यादीवर कोण आहे?"

मग ते त्या खटल्याकडे वळतात ज्यामुळे या शहराचं नाव देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत गेलं. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. आणीबाणीत पकडलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते, असं इथल्या हायकोर्टाने मानलं होतं. देशातल्या आणखी काही हायकोर्टांचंही तेच मत होतं. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ते मोडून काढलं. विरोधातलं एकटं मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचं. बहुमतातल्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्याच निकालात १९७६ चा तो निर्णय चुकीचा म्हणून उलटवला गेला. तो भाग यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. त्या नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडेही होते, जे त्याआधी इथेच, जबलपूरच्या हायकोर्टात, मुख्य न्यायमूर्ती होते.

"त्या निकालातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे," काका म्हणतात. "माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही, असं धनंजय चंद्रचूडांनी स्पष्ट लिहिलंय. तो हक्क जागेला चिकटलेला नाही, माणसाला चिकटलेला आहे."

मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा असतो. दुकानासाठी कायदा वेगळा: डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३. कोणती माहिती, कशासाठी घेतो ते साध्या भाषेत सांगायचं, संमती घ्यायची, काम संपलं की पुसायचं, आणि अठराखालच्या मुलांवर पाळत ठेवायची नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी आहे. पण या कायद्यात चेहऱ्याला फोन नंबरापेक्षा वेगळा, जास्त जपायचा प्रकार म्हणून जागा दिलेली नाही. काकांना ती उणीव मोठी वाटते, मलाही.

सरकारने कॅमेऱ्यांवर दुसरीकडून लगाम घातला आहे. एप्रिल २०२५ पासून नेटवर्कवर चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना सरकारी निकषांवर सुरक्षेची चाचणी द्यावी लागते. मला तो नियम मनापासून पटतो. पण त्यात कॅमेरा तपासला जातो, मालकाची यादी तपासली जात नाही. त्याच वर्षी राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रीकरण चोरून विकल्याचं उघड झालं, आणि तिथे पासवर्ड कारखान्यातून आलेलाच होता असं तपासात आलं. अशी चोरी चेहऱ्यांच्या यादीची झाली तर? घराची किल्ली हरवली तर कुलूप बदलता येतं. चेहरा बदलता येत नाही.

संध्याकाळी ६.००

परत दुकानात. ही गर्दीची वेळ. मेडिकल कॉलेजच्या बाजूने घरी जाणारे, ट्रक लावून बिस्किटं-पाणी घ्यायला उतरलेले ड्रायव्हर, शिकवणीहून सुटलेली मुलं. स्कूटीवरून आलेल्या मुली डोळ्यांखालचा सगळा चेहरा ओढणीने बांधून येतात, ती या शहराची रीतच आहे. यंत्राला त्यांचे फक्त डोळे दिसतात आणि ते अंदाजाने आकडे देत राहतं.

भैयाजींना मी म्हणालो, तुमची यादी नको, चाचणी करू. दुकानातल्या ज्यांनी स्वतःहून होकार दिला त्यांचेच चेहरे यादीत घातले. सकाळच्या मुलीने नकार दिला, तिचा घातला नाही. तिच्या शेजारच्या काउंटरवरची मोठ्या वयाची बाई हसून तयार झाली. कंपनीने सुचवलेला आकडा तसाच ठेवला.

थोड्याच वेळात घंटी वाजते. पडद्यावर लाल चौकटीत चाळिशीची एक बाई, साडीवर स्वेटर, हातात रिकामी पिशवी. शेजारी काउंटरवरच्या बाईचा फोटो. जुळणी ७९ टक्के. काउंटरवरची बाई समोर बसून बिलं करते आहे, म्हणजे दारातली ती नक्कीच नाही. दोघींचं कपाळ आणि गाल थोडे सारखे आहेत, दोघींनी केस घट्ट मागे बांधलेत, दोघींवर ट्यूबलाइटचा उजेड वरून पडलाय. बस्स. दारातला रखवालदार घंटी ऐकून दोन पावलं पुढे येतो. त्याला चाचणी चालू आहे हे सांगितलेलं होतं, तरी पाय पुढे पडलेच. ती बाई थबकते, त्याच्याकडे बघते, मग पदर सावरून तेलाच्या रांगेकडे जाते. तिला काय घडलं ते कधीच कळणार नाही.

मी भैयाजींना कागदावर हिशेब करून दाखवतो. समजा रोज बाराशे माणसं आत येतात आणि यंत्र हजारात एकदाच चुकतं. रोज एक तरी निरपराध माणूस, महिन्याला छत्तीसच्या आसपास, वर्षाला चारशेच्या वर. खरा चोर आठवड्यातून एकदा आला तरी घंटी बहुतेक वेळा भल्या माणसावरच वाजेल. आणि हजारात एक हा आकडाही सगळ्यांसाठी सारखा नसतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, २०१९ च्या डिसेंबरमध्ये तपासलेल्या कित्येक प्रणालींमध्ये पूर्व आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांवर चुकीची जुळणी गोऱ्यांपेक्षा दहापट ते शंभरपट जास्त निघाली होती. आपल्या दारातून येणारे चेहरेही गोऱ्यांचे नाहीत.

"आणि ही बाई परत आली नाही तर?" मी विचारतो. "शेजारणींना तिने सांगितलं की या दुकानात मला चोरासारखं बघितलं, तर?"

भैयाजी गप्प राहतात. गेलेल्या तुपाचा हिशेब त्यांना येतो. तुटलेल्या गिऱ्हाइकाचाही येतो.

रात्री ८.३०

शटर अर्धं खाली आलं आहे. आम्ही काय ठरवलं ते लिहितो, कारण प्रत्येक दुकानात एवढं करता येतं.

चित्रीकरण करणारे कॅमेरे तसेच राहतील. दारावरचा नवा कॅमेराही राहील, पण चेहरे जुळवायचं काम बंद. चित्रीकरण तीस दिवसांनी पुसलं जाईल, आणि पोलिसांनी लेखी मागितलेला भागच बाजूला ठेवला जाईल. कारखान्याचा पासवर्ड आजच बदलला. नवा पासवर्ड मालक आणि व्यवस्थापक यांच्याकडेच. मोबाइलवरून घरी बसून बघायची सोय बंद, निदान बिलिंगवरच्या मुलींच्या जागेची तरी. ब्लेडं, बदाम आणि महाग तूप काउंटरच्या मागच्या फळीवर येणार. कोपऱ्यात आरसा. माल उतरवताना दोघांनी मोजायचा आणि दोघांनी सही करायची, कारण मोजणीत कमी भरणारा सगळा माल गिऱ्हाईकच नेतं असं नाही. चोरी खरंच पकडली तर पोलिसांत तक्रार करायची. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवायचा नाही.

भैयाजी पूर्ण राजी नाहीत. "संक्रांत जाऊ द्या," ते म्हणतात, "मग परत बघू. विकणाऱ्याने तर सांगितलं होतं की सगळे लावतायत." पण व्हॉट्सॲपवरच्या त्या फोल्डरमधला गणवेशातल्या मुलाचा फोटो ते माझ्यासमोर पुसतात. आजच्या चाचणीसाठी घेतलेले चेहरे मी पुसतो, आणि यादी रिकामी झाल्याचं काउंटरवरच्या बाईंना पडद्यावर दाखवतो.

रात्री १०.००

घरी. जेवण झालं, मुलीचा अभ्यास झाला. बायको विचारते, "अहो, पैसे पूर्ण मिळाले का?" कॅमेऱ्याचे मिळाले. जुळणीच्या सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी विकली असती तर त्यावर मला हिस्सा मिळाला असता, तो नाही मिळाला. ती म्हणते, बरं झालं.

या धंद्यात राहून मी कॅमेऱ्याविरुद्ध नाही. चोरी ही चोरी आहे, आणि रात्रपाळीला एकट्या बसलेल्या मुलीला कॅमेऱ्याचा आधार वाटतो हे मी रोज बघतो. माझा विरोध गुपचूप केलेल्या यादीला आहे. आरोप नाही, सुनावणी नाही, मुदत नाही, बाहेर पडायचं दार नाही, अशी यादी पोलिसांच्या हातीही या देशाने सहजासहजी ठेवलेली नाही. ती किराणा दुकानाच्या लॅपटॉपवर आणि माझ्यासारख्याने भरलेल्या एका आकड्यावर चालू नये.

म्हणून झोपण्याआधी मी पाटीचा मजकूर लिहून काढतो. दुकानात तो हिंदीत लागेल, इथे मराठीत देतो. कोणी उद्या माझ्याकडे चेहरे ओळखणारा कॅमेरा मागायला आला तर आधी ही पाटी पुढे ठेवणार आहे:

'या दुकानात तुमचा चेहरा यंत्राने मोजला जातो. कारण: ___. यादीत नसलेल्यांची नोंद ___ मिनिटांत पुसली जाते. यादीत कोणाला आणि का घालतो: ___. मुलांना घालत नाही. तुमचं नाव यादीत आहे का ते विचारायला आणि चूक असेल तर काढून घ्यायला या माणसाला भेटा: ___. चेहरा द्यायचा नसेल तर सामान या दुसऱ्या दाराने घ्या.'

रिकाम्या जागा ज्या दुकानदाराला प्रामाणिकपणे भरता येतील, त्याच्याशी मी बोलायला बसेन. ज्याला भरता येणार नाहीत, त्याच्या दारावर तो कॅमेरा मी बसवणार नाही. आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्ही ज्या दारातून रोज आत जाता, तिथे या पाटीतला प्रत्येक प्रश्न काउंटरवर उभं राहून विचारा. तो तुमचा हक्क आहे, आणि विचारणारे वाढले की उत्तर देणं दुकानांना भाग पडेल.